प्ले, डू, गो आणि आखाजीचा झोका

दर रविवारी सकाळी बंगळूरहून नातीचा फोन येतो आणि दर रविवारी मी नापास होते. फोन चेहरा दिसणारा असतो, त्यामुळे तोंड लपवायलाही जागा नाही. आदल्या दिवसापासून घोकलेलं इंग्रजी वाक्य मी धीर करून म्हणते, की तू काल पोहणं खेळलीस का? ती कपाळावर हात मारून घेते, अगदी तिच्या आजोबांसारखा. "आजी, यू डोन्ट प्ले स्विमिंग. यू गो स्विमिंग." वय नऊ वर्षांचं, पण आवाज हेडमास्तरांचा.

माझी एकुलती एक मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिथंच एका बंगाली मुलाशी तिचं लग्न झालं. जावई लाखात एक आहेत, त्यांच्याविषयी एक शब्द वाकडा बोलायची सोय नाही. पण त्यांना मराठी येत नाही, हिला बंगाली येत नाही, म्हणून घरात सगळा कारभार इंग्रजीत. लेकरू पाळण्यात रडलं तेही बहुधा इंग्रजीतच. मी इथं जळगावला एकटी. सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागं गेली. तिथलं आमचं इंग्रजी म्हणजे रिसीव्ड, रजिस्टर्ड, आणि पत्ता सापडला नाही की रिटर्न टू सेंडर. एवढ्या भांडवलावर नातीशी किती वेळ बोलणार? कशी आहेस, जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, की झालं. मग ती फोन आईकडे देऊन पळून जायची. स्क्रीनवर नुसतं छत दिसायचं आणि तिच्या पळण्याचा आवाज. मला फार वाईट वाटायचं. एकच नात, आणि तिच्या-माझ्यात धड एक वाक्य उभं राहत नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं की ही पोर एकाच विषयावर बोलते, ते म्हणजे खेळ. सकाळी पोहणं, संध्याकाळी कराटे, शनिवारी फुटबॉल, आणि जिवापाड आवडतं ते स्केटिंग. शाळेचं विचारलं तर तोंडाला कुलूप, आणि स्केटिंगचं विचारलं की थांबता थांबत नाही. म्हटलं, ठीक आहे. पूर्वी दारावरच्या भाजीवाल्याशी बोलायला भाजीचे भाव माहीत असावे लागायचे. हिच्याशी बोलायला खेळ माहीत असावे लागतील. माहीत करून घेऊ.

खेळ कळले, पण घोडं क्रियापदापाशी पेंड खायला लागलं. फुटबॉल प्ले करतात. कराटे डू करतात. पोहायला मात्र गो. का? तिला विचारलं तर ती म्हणाली, बिकॉज. हे उत्तर आमच्या पोस्टातल्या साहेबांचंही असायचं.

आपल्याकडे बघा, प्रत्येक खेळाला त्याचं त्याचं क्रियापद आहे, घरातल्या प्रत्येक माणसाचं ताट वेगळं असावं तसं. फुगडी घालतात, कुस्ती धरतात, सूर मारतात, पत्ते कुटतात, पतंग उडवतात. कोणी "पतंग घातला" म्हणालं तर शेंबडं पोरही हसेल. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. खेळता खेळता आलं, गुडघे फुटतात तसं. आणि या वयात मी स्वयंपाकघरात कणीक मळत पुटपुटते आहे, प्ले टेनिस, डू योगा, गो सायकलिंग. शेजारीण म्हणाली, "अक्का, काही मंत्र घेतला का?" म्हटलं, घेतला.

शेवटी मी माझ्यापुरता एक नियम केला. ज्यात दुसरं माणूस लागतं ते प्ले. जे एकट्यानं होतं ते डू. आणि ज्याच्यासाठी घर सोडून जावं लागतं ते गो. नियमावर मी भलतीच खूश होते. रविवारी नातीला ऐकवला, तर तिनं तो उभ्या उभ्या मोडला. कराटेत समोर माणूस असतं, ती त्याला लाथा मारते, तरी डू. बुद्धिबळ ती एकटी बसून मशीनशी खेळते, तरी प्ले. "सो युवर रूल इज राँग, आजी." जावई मागून हसल्याचा आवाज आला.

तिनं नियम मोडीत काढला, पण मी मात्र तो मनातून टाकला नाही, कारण माझ्या घरात तो खरा होता. नवरा होता तेव्हा रात्रीची जेवणं झाली की आम्ही दोघं ओट्यावर रमी खेळायचो. तो पाटबंधारे खात्यात होता, गाव धुळे तालुक्यातलं, तरुणपणी जत्रेत कुस्त्या धरलेला माणूस. पत्त्यांत मात्र कच्चा. हरला की म्हणायचा, "तुनी पत्ता देखी लिधा." तू माझं पान बघितलंस! मी बघितलेलं असायचं, ती गोष्ट वेगळी. तो गेल्यावर पत्त्यांचा जोड कपाटात तसाच आहे. आता मी गच्चीवर फेऱ्या मारते, गुडघ्यांचे व्यायाम करते, प्राणायाम करते. सगळं डू. प्लेमधलं काही उरलं नाही.

मार्च संपत आला तेव्हा एका रविवारी नातीनं मला उलटा प्रश्न केला. तू लहानपणी काय खेळायचीस? मी ताबडतोब म्हणाले, "आय प्लेड झोका." झोक्याला स्विंग म्हणतात हे तिच्या आईनं मागून सांगितलं. नात इतकी हसली की फोन खाली पडला. झोका हा काही खेळ नाही, तो बागेत असतो, लहान मुलं त्यावर बसतात. आणि झोका प्ले करत नाहीत, ऑन अ स्विंग गो करतात. मला रागच आला. म्हटलं, बाई गं, तुझ्या त्या स्केटिंगला मी काही म्हणते का? आमच्या खानदेशात झोका खेळतातच. आणि खेळतात म्हणजे काय, ते तुला सांगायला मला इंग्रजी शिकायला लागलं तरी बेहत्तर.

त्यानंतरचे दोन-तीन रविवार मी तिला आखाजी सांगितली. बाकीच्या महाराष्ट्राची अक्षय तृतीया, ती सोनं विकत घ्यायची. आमची आखाजी लेकींची. त्या दिवसांत सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात आणि त्यांना कोणी काडीचं काम सांगत नाही. माझं माहेर पाचोऱ्याचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निंबाचं झाड होतं, त्याला चऱ्हाटाचा झोका पडायचा. फळीवर समोरासमोर दोघी उभ्या राहायच्या, पायात पाय अडकवून. एक दबायची, दुसरी उठायची. खालच्या बायका गाणं म्हणायच्या, वरच्या दोघी उत्तर द्यायच्या. झोका इतका वर जायचा की पलीकडच्या धाब्याच्या घरांच्या सपाट छतांवर वाळत घातलेल्या कुरडया दिसायच्या. लग्न झालेल्या मोठ्या बहिणी वर्षभराचं काय काय त्या झोक्यावर ओरडून सांगायच्या; सासूचं, नणंदेचं, जे जमिनीवर उभं राहून बोलता येत नव्हतं ते. पुरुष तिकडे ओसरीवर पत्ते कुटत बसायचे, त्या दिवशी त्यांनाही कोणी बोलायचं नाही. घरात मांडे, आमरस. आणि सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं.

हे सगळं मी प्ले, डू, गोच्या आधारानं कसं सांगितलं ते माझं मला माहीत. पण पोर ऐकत होती. फोन आईकडे देऊन पळाली नाही. "टू गर्ल्स? स्टँडिंग?" असं तिनं दोनदा विचारलं, आणि मग गंभीरपणे म्हणाली, की असं असेल तर प्ले म्हणायला हरकत नाही. त्या दिवशी मला पगारवाढ झाल्यासारखं वाटलं.

मग मी तिला मुऱ्हाळ्याचं सांगितलं. आखाजीला लेक आपली आपण उठून येत नाही. माहेरचं माणूस तिला न्यायला जातं, बहुतेक भाऊ, नाहीतर बाप. त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. हल्ली मोटारी आल्या, पोरी स्वतः गाडी चालवत येतात, ही रीत बऱ्याच घरांत मागं पडली. आमच्या घरात नाही पडली, कारण माझा नवरा हट्टी होता. मुलगी पुण्याला शिकायला होती तेव्हापासून तो आखाजीला तिला आणायला जायचा. मी म्हणायची, अहो, ती काय वाट चुकणार आहे? बंगळूरला लग्न झाल्यावर तर कमालच. एवढा लांबचा रेल्वेचा प्रवास करून हा माणूस जायचा, खाकी कापडी पिशवीत सांजोऱ्या आणि गावच्या कैऱ्या घेऊन. तिच्या दारात उभा राहायचा. आत यायचा नाही, पाणी घ्यायचा नाही. दारातूनच म्हणायचा, "चाल बेटा, झोका बांधेल शे." चल, झोका बांधून ठेवलाय! ती "येते" म्हणाली की मगच चप्पल काढायची आणि पाणी प्यायचं. जावयांना पहिल्या वर्षी वाटलं, सासरे रागावलेत. बिचारे तांब्या घेऊन दारात उभेच राहिले.

मग बापलेक दोघं, आणि नात झाल्यावर तिघं, जळगावला यायची. आमच्या अंगणातल्या निंबाला झोका असायचा. मुलगी त्यावर एकटी उभी राहायची, आणि समोर उभं राहायला कोणी नसलं की बाप चढायचा. बायकांच्या झोक्यावर पन्नाशीचा पैलवान! गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. फांदी करकरायची. मी ओरडायची, उतरा, मोडेल. तो म्हणायचा, "मोडू दे, निंब आपलाच शे."

तो गेला तेव्हा नात फार लहान होती, तिला त्यातलं काही आठवत नाही; त्यानंतर मुलगी आखाजीला आली नाही. दिवाळीला येतात तिघं, दोन दिवस, पाहुण्यासारखे. तिच्या कंपनीचा फोन कानाला लागलेलाच असतो. आखाजीला तिच्या ऑफिसात सुट्टी नसते, हे मी मनात धरून चालले होते. दर वर्षी चैत्रात मी फोनवर विचारायची, "आखाजीला जमतंय का बघ." ती म्हणायची, "बघते." एवढंच. मीही ताणलं नाही. शिकलेली, नोकरीवाली पोर, तिला गळ घालणं बरं नाही, असं मला वाटायचं. मी मात्र झोका बांधून घ्यायची. बाजूचा रिक्षावाला भाऊ फांदीवर चढून दोर टाकून द्यायचा. आखाजी व्हायची, तिच्या बापाच्या नावाची घागर मी एकटी भरायची, आणि झोका पाऊस येईपर्यंत तसाच लोंबत राहायचा. दुपारी फळीवर मांजर झोपायचं. त्या रिकाम्या झोक्याकडे बघून मला जे वाटायचं ते कोणाला सांगायची सोय नव्हती. भरल्या घरात वाढलेल्या बाईला रिकामा झोका बघवत नाही.

यंदा आखाजीला पंधराएक दिवस असताना नातीचा फोन आला तो फुरंगटूनच. तिच्या स्केटिंगचं उन्हाळी शिबिर लागलं होतं. सगळ्या मैत्रिणी महिनाभर जाणार, आणि आईनं हिचं नाव घातलं ते मधला एक आठवडा वगळून. मी विचारलं, का गं? तर ती रागानं बोलत सुटली. इंग्रजी इतकं भरभर होतं की माझी दमछाक झाली. म्हटलं, हळू बोल, आजी पोस्टातली आहे. मग तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"एव्हरी इयर, आजी. दॅट वन वीक आय डोन्ट गो स्केटिंग. ममा टेक्स लीव्ह. अँड देन वी डू नथिंग. वी जस्ट सिट अॅट होम."

मी म्हटलं, कुठला आठवडा? तिनं तारखा सांगितल्या. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं. आखाजी बरोबर त्या आठवड्याच्या मधोमध होती.

मी पुन्हा विचारलं. आपल्या इंग्रजीचा भरवसा काय? दर वर्षी आई रजा घेते? हो. कुठं जात नाही? नाही. मग ती काय करते? नात म्हणाली, बॅग काढते. हिरवी साडी काढून गॅलरीत वाऱ्याला टाकते. मग आठवडा संपला की परत ठेवते.

ती हिरवी साडी माझ्या लेकीला तिच्या बापानं त्याच्या शेवटच्या आखाजीला घेतली होती.

फोन ठेवून मी ओट्यावर येऊन बसले. इतकी वर्षं ही पोर रजा घेऊन, बॅग काढून वाट बघत होती, आणि मी इकडे झोका बांधून वाट बघत होते. ती कोणाला सांगणार? लेकीनं आपण होऊन "मला न्यायला या" म्हणायचं नसतं. न्यायला येणारं माणूस तर राहिलं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात हे कधी आलंच नाही, कारण मुऱ्हाळी हा पुरुष असतो. भाऊ नाही, बाप नाही, संपलं. रडू आलं. रडून झाल्यावर स्वतःचा रागही आला, आणि त्याहून जास्त राग त्या गेलेल्या माणसाचा. लेकीला अशी सवय लावून ठेवली आणि स्वतः निघून गेला.

पाचोऱ्याहून माझ्या भावाचा फोन आला, त्याला सांगितलं, की यंदा लेकीला आणायला मीच जाते. तो म्हणाला, "अक्का, तू कशाला जास? मी जास ना. मामा शे मी तिना." भाऊ मायेचाच आहे. जाऊबाई मात्र धुळ्याहून म्हणाल्या, "बाई कधी मुऱ्हाई जास का? लोके काय म्हनतीन?" मी म्हटलं, लोकांना म्हणावं, घागर भरायला या आणि काय म्हणायचं ते तेव्हा म्हणा. कितीही समज दिली तरी मी ऐकणारी नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनीच मग सांजोऱ्यांसाठी घरचा रवा पाठवला.

मुलीला कळवलं नाही. मुऱ्हाळी कळवून जात नाही. कपाटावरची खाकी पिशवी काढली, झटकली. तळाशी वाळलेलं कैरीचं देठ निघालं. ते मी तसंच आत राहू दिलं. रिक्षावाल्या भावाकडून झोका आधी बांधून घेतला, कारण तिथं जाऊन खोटं बोलायचं नव्हतं. गाडीत खिडकीशी बसले तेव्हा बाहेर केळीची शेतं पळत होती, आणि मला वाटत होतं, हा माणूस दर वर्षी एवढा वेळ एकटा बसून काय विचार करत असेल? मी कधी विचारलं नाही. तो परत यायचा तेव्हा लेक सोबत असायची, त्या गडबडीत त्याच्या जाण्याचं विचारायचं राहूनच गेलं.

दाराची घंटा मीच वाजवली. सकाळची वेळ होती. दार मुलीनं उघडलं, केस ओले, हातात कंगवा. मला बघितलं. आणि मग तिनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं, लिफ्टच्या दाराकडे. डोळ्यांची सवय. क्षणभरच बघितलं असेल. पण मला ते दिसलं, आणि मीसुद्धा वळून मागं बघितलं. लिफ्टचं दार बंद होतं.

आतून नात स्केट्स हातात घेऊन धावत आली. "आजी! आर यू प्लेइंग अ प्रँक?" जावई तांब्या घेऊन आले; त्यांना रीत पाठ होती. मी पाणी घेतलं नाही. गाडीत सगळी रात्र मी ते वाक्य म्हणून बघितलं होतं, प्ले टेनिस, डू योगासारखं. धुळ्याची बोली माझ्या तोंडात त्याच्यासारखी बसत नाही. तरी मी म्हटलं.

"चाल बेटा, झोका बांधेल शे."

मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. गॅलरीत दोरीवर हिरवी साडी वाऱ्याला टाकलेली मला तिच्या मागं दिसत होती. तिचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला. आधी काही नाही, आणि मग एकदम सगळं.

"येते," ती म्हणाली.

मी चप्पल काढली आणि पाणी प्यायले.